डब्यातली ऊब

३ डिसेंबर, मंगळवार

उशी ओली! पाऊस नाही, गळती नाही — आमचाच श्वास. रात्रभर पत्र्याला लागून गार होतो आणि पहाटे थेंब थेंब तोंडावर टपकतो. मुराद हसतो. म्हणे, "कॅराव्हॅनला घाम फुटलाय."

कॅराव्हॅन! दोन चाकांवरचा पत्र्याचा डबा. एक पलंग, पायथ्याशी हातभर ओटा, दोन खिडक्या, छताला एक झडप. पुण्याच्या माणसाकडून जुनाच घेतला आणि मुरादने पिकअपला जोडून आंबेनळी घाटातून वर आणला. इतकी वर्षं सौदीत, दम्मामला, दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, आता स्वतःचं काहीतरी करायचंय त्याला. महाबळेश्वरला जाणारी माणसं इथे दरीच्या तोंडाशी मुक्काम करतील, सकाळी धुकं बघतील, फोटो काढतील. शेजारच्या घरातल्या दत्तारामने त्याचा माळ वापरायला दिलाय. नाताळात पाहुणे येतील, तोवर आपणच राहून बघायचं कुठे काय कमी पडतं ते.

कमी पडत नाही ती फक्त थंडी.

५ डिसेंबर

महाडला थंडी म्हणजे पहाटे पंखा एकवर. इथे भांडी घासताना बोटं वाकत नाहीत! दिवेलागणीपासून वारा सुटतो तो वरच्या पठारावरून थेट आमच्या दारात. दोन रजया, माझी शाल, मुरादचं तिकडचं जाकीट — सगळं अंगावर घेऊनही पाय गार ते गारच. थंडी वरून येतच नाही, खालून येते. चाकांच्या मधून वारा शिरतो आणि फरशीची फळी बर्फ होते.

दत्ताराम सकाळी दूध घेऊन आला तेव्हा मी पायात त्याच्यासमोरच तिसरा मोजा चढवत होते. म्हणाला, "भाभी, पत्र्यात थंडी घर करून ऱ्हाते. खाली पेंढा भरा, मी देतो." आणि खरंच दुपारी भातपेंढ्याचे भारे टाकून गेला. मी आणि मुरादने मिळून डब्याच्या पोटाखाली, चारी बाजूंनी ठासून भरले. आता तो डबा नाही, उबवायला बसलेली कोंबडी दिसते.

त्याच्या आईने, बयाबाईंनी, एक वीट दिली. चुलीत तापवायची, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळायची, पायाशी घ्यायची. घेतली. दोन तास स्वर्ग! मग पुन्हा तेच.

८ डिसेंबर, रविवार

मुरादला नाद लागलाय. दिवसभर फटी शोधतो. उदबत्ती पेटवून खिडकीच्या कडेने फिरवतो, धूर हलला की तिथे टेप. पलंगाखाली थर्मोकोल, भिंतीला फोमचे पत्रे, दाराला रबर. "आता शिरून दाखव म्हणावं वाऱ्याला!"

संध्याकाळी पाहुण्यांच्या तंदूरसाठी आणलेल्या कोळशाची गोण फोडली. लोखंडी घमेल्यात निखारे करून आत आणले. मी म्हटलं, "अहो, धूर?" म्हणाला, "बाहेर पेटवायचे, पुरते लाल झाले की आत घ्यायचे. धूर संपला की काही नाही होत. तिकडे वाळवंटात तंबूत सगळे असेच बसतात थंडीत. मी वर्षानुवर्षं बसलोय."

धूर नव्हताच. वासही नाही. लाल लाल, शांत.

९ डिसेंबर

झोपले! घोडे विकून झोपले. उशी कोरडी.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळपासून डोकं ठणकतंय. डोक्याभोवती कुणीतरी फडकं आवळत नेतंय असं. उठून चहा टाकला आणि त्या वासानेच पोट ढवळलं. बाहेर जाऊन ओकले. मुराद म्हणतो त्याचंही डोकं जड होतं, पण तो उजाडताच उठून खालच्या वाडीत गेला, तर उतरलं. "पित्त असेल तुझं. काल वांगं खाल्लंस."

दुपारपर्यंत मलाही बरं वाटलं.

१५ डिसेंबर

आज पुन्हा. कालही. सकाळी मळमळ, पायात गोळे, दुपारी काही नाही. पाणी भरायला बयाबाईंच्या विहिरीवर गेले तर कळशी उचलताना डोळ्यांपुढे अंधारी. त्यांनी हाताला धरून कठड्यावर बसवलं. टक लावून बघत राहिल्या.

"कितवा लागलाय गो?"

"काय नाय बये, पित्त आहे."

"माझी सात बाळंतपणं झाली. मला नको सांगू पित्त."

मी हसले. मग डब्याकडे येताना बोटांवर दिवस मोजले. पाळी चुकलीय. माझी नेहमीच मागेपुढे होते म्हणून लक्ष दिलं नव्हतं.

लग्नाला नऊ वर्षं! त्यातली बरीचशी मुराद तिकडे, वर्षातून दोन महिने इकडे. या उन्हाळ्यात कायमचा आला. अम्मी — माझी सासू, नूरजहाँ — दर शुक्रवारी एक पुडी द्यायची, कधी हकिमाची, कधी कुणा दर्ग्याची. "घे ग, तुझ्यातच काहीतरी अडलंय." घेतल्या. कडू, तुरट, राखेच्या चवीच्या. सगळ्या घेतल्या.

मुरादला अजून काही बोलले नाही. बोललं की नजर लागेल असं वाटतं.

१७ डिसेंबर, मंगळवार

भाजीचं निमित्त करून वडापच्या जीपने खाली पोलादपूरला गेले. मेडिकलमध्ये ओळखीचं कुणी नाही बघून ती पट्टी मागितली. दुकानदाराने वर न बघता कागदात गुंडाळून दिली.

परत येऊन केली. एक रेघ ठळक. दुसरी — आहे का? खिडकीत धरली, मग दारात उन्हात धरली. आहे! म्हणजे, असावी. केसासारखी. पट्टी तिरकी केली की दिसते, सरळ धरली की जाते.

फार लवकर केली असेल. दिसते आहे पण.

डॉक्टरकडे जायला हवं. जात नाही मी. डॉक्टर नाही म्हणाले तर? अजून आठ दिवस तरी ती माझ्याकडे राहू दे.

१८ डिसेंबर

सांगितलं. राहवलं नाही.

मुराद चाकाखालचा दगड नीट करत होता, तो तसाच उकिडवा बसून राहिला. माझ्याकडे बघितलं, मग दरीकडे. किती वेळ! मला वाटलं रडतोय. मग उठला, हात धुतले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "थंडीत बसू नकोस. आत चल."

एवढंच. पुरुषांना आनंद दाखवता येत नाही, हे अब्बांचं बघत आलेच आहे.

मी म्हटलं अम्मीला फोन करू? म्हणाला, "नको. आत्ताच नको." बरोबर आहे. पहिले तीन महिने सांगत नाहीत.

मग शिडी लावून छतावर चढला. झडपेतून वारा येतो म्हणून तिच्यावर फोम, त्यावर प्लास्टिक, त्यावर टेप. आता डब्यात वाऱ्याला सुईएवढीही वाट नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

आज ओट्याशी उभी होते ती खालीच बसले. पडले म्हणायला हवं. हात पाय आपले नाहीतच असं. मुरादने उचलून बाहेर खाटेवर आणलं, पाणी मारलं. "जाऊ या का दवाखान्यात?" मी नको म्हटलं. जोरात नको म्हटलं! बयाबाई म्हणाल्या पहिलटकरणीला होतंच असं काही काही जणींना, त्यांच्या सुनेला पाचव्यापर्यंत अन्न ठरलं नव्हतं.

मुराद माझ्याशी फार जपून वागतो. भांडी तो घासतो. निखारे माझ्या बाजूला सरकवतो. बोलत मात्र कमी आहे. कालपासून तर अगदीच. काही विचारायला तोंड उघडतो आणि मग "दूध घेतलंस?" एवढंच विचारतो.

काळजी असणार. पहिले पाहुणे यायचेत, माझी ही अवस्था.

त्याचा खालचा ओठ फुटलाय थंडीने. खोबरेल लावून दिलं. डोळे मिटून बसला होता, लहान पोरासारखा.

२४ डिसेंबर

पहिलं बुकिंग! पनवेलचं कुटुंब — यशराज आणि उज्वला, एक मुलगी. शुक्रवारी येणार, दोन रात्री राहणार. मुरादने फोन ठेवल्यावर डब्याच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, घोड्याच्या पाठीवर मारतात तशा.

चादरी धुतल्या. त्या वाळतच नाहीत. दंव पडायच्या आत काढून चुलीच्या धगीवर धरल्या. एकीला वास लागला धुराचा. पुन्हा धुतली! चिडचिड. डोकं आवळलेलं. मुराद तीन वेळा विचारतो, कोंबडीला मसाला कधी लावणार. मी खेकसले. मग रडले. मग त्याचं मला वाईट वाटलं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

आले. मुलगी सहा-सात वर्षांची, समीक्षा. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. डब्यात शिरली आणि ओरडली, "आई, हे भातुकलीचं घर आहे!" मुराद खुलला. सगळं दाखवलं तिला — घडीचं टेबल, खुंट्या, खाली भरलेला पेंढा.

वारा आजपासूनच वाढलाय. उज्वलाताईंनी दोनदा विचारलं, "मुलीला सोसेल ना हो?" मुराद म्हणाला, "ताई, रात्री आत बनियनवर झोपाल!" घमेलं नेहमीपेक्षा भरून दिलंय त्याने.

आम्ही दत्तारामच्या पडवीत. खाली घोंगडी, कुडाच्या भिंतीतून वारा आरपार. बयाबाई म्हणाल्या, "दोन जिवांची तू, घरात झोप माझ्याजवळ." घरातही कौलांमधून चांदणं दिसतंय! दात वाजताहेत. लिहिता येत नाही.

२९ डिसेंबर, रविवार

कालचं लिहायलाच हवं. 

काल सकाळी बयाबाईंच्या घरात उठले. अंग काकडलेलं, नाक लाल. पण डोकं हलकं! मळमळ नाही. चहाचा वास आला आणि चक्क चहा प्यावासा वाटला. मी आनंदाने त्यांना सांगितलं सुद्धा. "आज बाळ शहाणं झालंय."

ट्रेमध्ये चहा-बिस्किटं घेऊन माळावर गेले. ऊन चांगलं वर आलेलं. डब्याचे पडदे ओढलेले. दार वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं, हाक मारली. आत काहीतरी पडल्याचा आवाज. मग कडी निघाली आणि उज्वलाताई दार धरून उभ्या — उभ्या कसल्या, लोंबत होत्या. "ताई... डोकं बघा ना. कुणी फडकं आवळून बांधलंय असं... समू ओकली रात्री. उठत नाहीये."

पलंगावर यशराज पालथे, काहीतरी बरळत. मुलगी कडेला, वेण्या सुटलेल्या, उशीवर ओकारी. मुराद मागून धावत आला. उज्वलाताई म्हणाल्या, "काल ते चिकन..." मुराद पांढरा पडला. "ताई, खाण्यात काही नव्हतं हो, आम्ही पण तेच जेवलो!"

मी दारातच होते. आतली ऊब तोंडावर आली. छान ऊब. तीच, जिच्यात मी गेले तीन आठवडे झोपतेय. आणि त्यांनी डोक्याबद्दल जे सांगितलं ते तर माझंच होतं! माझी सकाळ त्यांच्या अंगात शिरलेली. आणि मी मात्र एक रात्र थंडीत काढून ठणठणीत.

समजलं. सगळं एका दमात समजलं.

आणि मी बोलले नाही.

किती वेळ? एक श्वास, दोन श्वास. ट्रे हातात धरून. कारण ते तोंडातून बाहेर काढलं की माझं बाळ संपलं. त्यांना निखाऱ्यांनी झालं असेल तर मलाही निखाऱ्यांनीच झालं. मग ती केसाएवढी रेघ कुठली? चिकन असू दे, असं मनात आलं माझ्या. चिकनच असू दे! अल्लाह, समोर एक पोर निपचित पडलंय आणि माझ्या मनात हे.

मग तिच्या तोंडातून एक घरघर आली.

ट्रे टाकला. "बाहेर! सगळे बाहेर! हे निखाऱ्यांनी झालंय!"

मुराद म्हणाला, "अगं, बाहेर गारठा, पोर काकडेल —"

"काकडू दे! हवा लागू दे तिला!"

मीच आत घुसले आणि तिला ओढून काढलं. केवढी जड झाली होती. दंवाने भिजलेल्या गवतावर आडवं घातलं, मांडीवर डोकं घेतलं. दत्ताराम आणि मुरादने यशराजना खांद्यावर घालून आणलं. "समू, ए समू, डोळे उघड गो बाय!" बयाबाई तिचे तळवे चोळत होत्या. उज्वलाताई गवतात बसून नुसत्या बघत होत्या, त्यांना रडायचंही भान नव्हतं.

पिकअपमध्ये पुढे मी, मांडीवर मुलगी, काच पूर्ण खाली. मागे बाकीचे. आंबेनळीची वळणं मुरादने कशी घेतली मला ठाऊक नाही. वारा नुसता कापत होता. मी तिचं तोंड वाऱ्याकडे धरून ठेवलं होतं. इतके दिवस ज्या वाऱ्यासाठी फटी बुजवल्या, त्यालाच म्हणत होते ये, ये, आत ये. अर्ध्या घाटात तिची पापणी हलली. एका वळणावर ती माझ्या अंगावर ओकली. इतकं बरं वाटलं मला आयुष्यात कधी वाटलं नाही!

पोलादपूरच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला तिघांनाही. डॉक्टर तरुण मुलगी. पहिलाच प्रश्न, "खोली बंद होती? आत शेगडी?" मी हो म्हटलं. म्हणाली, "धूर नसला म्हणजे विष नसतं असं नाही. निखाऱ्याच्या वायूला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो. अजून तासभर गेला असता तर..."

दुपारी समीक्षाने डोळे उघडून विचारलं, "आपण डब्यात का नाही?" उज्वलाताई तेव्हा रडल्या. यशराजनी मुरादला खूप ऐकवलं. जे म्हणाले ते खरंच होतं. मुराद मान खाली घालून "हो साहेब, हो साहेब" करत राहिला.

सगळं शांत झाल्यावर मी डॉक्टरकडे गेले. दार लोटून घेतलं. सांगितलं — तीन आठवडे, रोज, निखारे, ओकाऱ्या, ती पट्टी. तिने मलाही ऑक्सिजनला बसवलं, रक्त घेतलं, पुन्हा तपासणी केली. मग माझ्याजवळ स्टूल ओढून बसली. त्यावरूनच कळलं.

"नाही ताई. कधीच नव्हतं. पट्टी वाळली की अशी पुसट रेघ उमटते कधी कधी. तुम्हाला जो त्रास होत होता, तो त्या वायूचा. आज तुम्ही इथे आहात हेच नशीब."

नशीब.

बाहेर बाकावर मुराद होता. मी म्हटलं, "नाहीये. नव्हतंच." तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला वाटलं आता कोसळतो. तोंडावर हात दाबून रडला, सगळ्यांदेखत. मी रडले नाही. त्यालाच थोपटत बसले.

३१ डिसेंबर

डबा उघडा पडलाय. मुरादने काल सगळं ओरबाडून काढलं. टेप, फोम, झडपेवरचं प्लास्टिक, दाराचं रबर. घमेलं दरीत फेकलं. बोटं रक्ताळली, थांबला नाही. दत्ताराम म्हणाला, "मुरादभाय, डब्याची काय चूक?" त्याने ऐकलं नाही.

उज्वलाताईंचा फोन आला. तिघेही घरी आहेत, मुलगी खेळतेय. "तुम्ही ओढून काढलंत तिला. कसं बोलू कळत नाही, राग पण येतो आणि..." फोन ठेवला.

आज पाळी आली.

आता आम्ही दोन्ही खिडक्या चार बोटं उघड्या ठेवून झोपतो. तापवलेली वीट, दोन रजया, एकमेकांकडे पाठ. उशी ओली असते. थेंबांनी असेल.

२ जानेवारी, गुरुवार

आज चहा पिताना मुरादने सांगितलं. माझ्याकडे न बघता. "दम्मामला तपासून घेतलं होतं मी. चार वर्षं झाली. माझ्यापासून मूल होणार नाही, रिझवाना. कधीच नाही."

चार वर्षं! चार वर्षं मी अम्मीच्या पुड्या गिळल्या, आणि याने गिळू दिल्या! कप फेकून मारावा असं वाटलं. मग एकदम दुसरंच काहीतरी समोर आलं आणि मी कप खाली ठेवला.

"म्हणजे मी सांगितलं, तेव्हा तुम्हाला वाटलं —"

"हो."

"दुसऱ्या कुणाचं."

"हो."

"आणि एक शब्द विचारला नाहीत?"

"तुला थंडी वाजत होती," तो म्हणाला. "म्हटलं, आधी तेवढं बघू."